‘पीत होता तेव्हा निदान हसत तरी होता’

काकू, नमस्कार. आम्ही सुदामानगरला राहतो. आमचे हे सियागंजमध्ये एका ठोक व्यापाऱ्याकडे हिशेब बघतात. पंधरा-सोळा वर्षं पीत होते, त्यातली शेवटची चार वर्षं रोज. गेल्या अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या मिरवणुकीच्या गर्दीत पडले, डोक्याला टाके पडले. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरायला लागले, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. नवव्या दिवशी घरी आले ते शपथ घेऊनच. तेव्हापासून थेंब नाही, सहा महिने झाले. पण काकू, माणूस घरी आलाय असं वाटतच नाही. संध्याकाळी येतात आणि गॅलरीतल्या खुर्चीत समोरच्या भिंतीकडे बघत बसतात. तबला छान वाजवायचे, गणपतीत साथीला बसायचे. आता गवसणीसुद्धा काढत नाहीत. लेकीला नोकरी लागली, तर ‘बरं झालं’ एवढंच. सराफ्यात खायला नेलं, भुट्ट्याचा कीस दोन घास खाऊन ठेवून दिला. जिलेबी मात्र रोज पाव किलो. विचारलं की म्हणतात, ‘काही वाटतच नाही गं.’ परवा सासूबाई म्हणाल्या, ‘पीत होता तेव्हा निदान हसत तरी होता.’ मला राग आला. पण रंगपंचमीला सगळं गाव गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला गेलेलं, हे खुर्चीत, आणि माझ्याच मनात आलं, एक क्वार्टर आणून यांच्यापुढे ठेवावी. त्या दिवसापासून मला झोप नाही. पुण्याचा पुतण्या म्हणतो डोपामिन संपलंय, ‘डोपामिन डिटॉक्स’ करा. एका जडीबुटीवाल्यानं कौंचबीजाचं चूर्ण दिलंय, त्यात म्हणे डोपामिन असतं. ते दुधातून देऊ का? मेंदू कायमचा गेला का? की आम्ही त्यांना कधी पुरलोच नाही?
– एक वाचक, इंदूर

काकू म्हणालीस, तेव्हा एकेरीतच लिहिते.

आधी ते चूर्ण बाजूला ठेव. जडीबुटीवाला अगदीच खोटं बोलत नाहीये, हीच त्यातली पंचाईत. कौंच म्हणजे आपली खाजकुयली. तिच्या बियांत एल-डोपा नावाचं द्रव्य खरोखर असतं आणि मेंदू त्यापासून डोपामिन, म्हणजे पेशीपेशींत निरोप पोचवणारं एक रसायन, तयार करतो. कंपवाताच्या रुग्णांना तेच द्रव्य गोळीतून तोलूनमापून देतात. तुझ्या डबीतल्या चमच्यात ते किती आहे, हे त्या माणसाला माहीत नाही आणि मलाही नाही. एल-डोपानं मळमळतं, रक्तदाब उतरतो, काहींना भास होतात. सहा महिन्यांपूर्वी ज्याला भिंतीवर मुंग्या दिसल्या, त्याला हे अंदाजपंचे द्यायचं? आणि दुधातून, म्हणजे न सांगता? दारू सोडवायची पावडर भाजीत कालवून नवऱ्याला घालणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्या पावडरीत कधी कधी डायसल्फिराम असतं, आणि त्यावर दारू पोटात गेली तर माणूस दवाखान्यात पोचतो. तुझ्या घरात सहा महिन्यांत जो थोडाफार विश्वास जमलाय, तो एका ग्लासात घालवू नकोस.

आता खुर्ची. तुझ्या पत्रातली ती खुर्ची वाचली आणि मला एक ससा आठवला. मी सत्तावीस वर्षं औषधशास्त्र शिकवलं, आणि दर वर्षी एका तासाला हा ससा वर्गात यायचाच. गोष्ट सुरू होते आपल्या सर्पगंधेपासून. रक्तदाबावर तिचा उपयोग होतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात मांडलं आणि जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. पुढे तिच्यातलं रेसरपिन वेगळं काढलं, गोळ्या आल्या, रक्तदाब उतरले. पण काही रुग्ण सुन्न होऊन बसायला लागले. कशातच रस नाही. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये अर्विद कार्लसननी सशांना रेसरपिन टोचलं. ससे जागच्या जागी थिजले, कान पडलेले, हाकललं तरी हलेनात. मग त्यांना एल-डोपा दिलं. थोड्याच वेळात कान उभे, आणि ससे हिंडायला लागले. रेसरपिननं मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा केला होता, एल-डोपानं तो भरला. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. वर्गातली मुलं सन लिहून घ्यायची. मला मात्र ते पडलेले कान दिसत राहायचे. ससा आळशी नव्हता, रुसलेला नव्हता, कुणावर राग म्हणून बसलेला नव्हता.

तुझ्या यजमानांचा साठा असा रिकामा झालेला नाही, हे लगेच सांगते, नाहीतर तू पुन्हा चूर्णाकडे वळशील. त्यांच्या बाबतीत अडलंय ते ऐकण्यात. झांक्यांच्या रात्री मिरवणुकीच्या वाटेवर घर असलेल्यांना विचार. डीजे सुरू झाला की खिडक्या लावायच्या, पडदे ओढायचे, शेवटी कानात कापूस. मेंदूही तसंच करतो. रोज संध्याकाळी दारूचा ढोल वाजायला लागला की पेशी डोपामिन ऐकणारे आपले रिसेप्टर कमी करतात. मेंदूची छायाचित्रं घेऊन हे दाखवणाऱ्यांत नोरा व्होल्काव यांचं नाव मोठं (रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कीची पणती, हे आपलं जाता जाता). दारूच्या आहारी गेलेल्यांत हे रिसेप्टर कमी भरतात, असं त्यांना आढळलं. आता डीजे थांबलाय, कापूस तसाच आहे. लेकीची नोकरी, भुट्ट्याचा कीस, तबल्यावरची थाप हे सगळं साध्या बोलण्याच्या आवाजातलं सुख. ते कापसातून आत जात नाही. जिलेबी जाते. गोडाचा आवाज तेवढा मोठा आहे. दारू सोडलेली माणसं गोडाच्या मागे लागतात, हे व्यसनमुक्तीत काम करणारा कुणीही सांगेल.

पुतण्याला माझा निरोप दे. डोपामिन संपत नाही आणि त्याचा उपासही करता येत नाही. रील बघणं कमी केलं तर चांगलंच, पण त्याला रसायनशास्त्राचं नाव कशाला? शिवाय डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन, हेच मुळात अर्धवट आहे. वोल्फ्राम शुल्त्झनी माकडांवर केलेलं काम बघ. माकडाला फळांचा रस दिला की डोपामिनच्या पेशी जाग्या व्हायच्या. मग रसाआधी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांत पेशी दिव्यालाच दचकायला लागल्या आणि रस आला तरी गप्प. दिवा लागून रस आला नाही, तर त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही खाली जायचा. डोपामिन सांगतं ते ‘आता येणार’ हे. केंट बेरिज यांनी पुढे उंदरांत दाखवलं की डोपामिन जवळजवळ नाहीसं केलं तरी जिभेवर साखर ठेवली की उंदीर मिटक्या मारतो. फक्त उठून साखरेपर्यंत जात नाही. आपल्याकडे यासाठी दोन जुने शब्द आहेतच, तलफ आणि गोडी. व्यसनात तलफ वाढत जाते आणि गोडी आटत जाते.

हे सासूबाईंच्या वाक्याला लावून बघ. ‘हसत होता’ म्हणजे केव्हा? मला तर वाटतं, त्या दहा वर्षांपूर्वीच्या मुलाबद्दल बोलताहेत. शेवटच्या चार वर्षांतल्या एखाद्या मंगळवारी रात्री साडेनऊला हे हसत होते का, आठव. तू तुझ्या मनाशीच उत्तर दे, त्यांना ऐकवू नकोस. त्या आई आहेत, त्यांना मुलाचा हसरा चेहरा आठवतोय. आपली आठवणही लबाड असते, जुने फोटो तेवढे जपून ठेवते.

मुंग्यांबद्दल थोडं सांगते. पत्र दुसरंही कुणी वाचत असेल म्हणून. दारू मेंदूतल्या गाबा या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाला दाबते. रोज दाबलं की मेंदू तोल सांभाळायला उलट्या बाजूनं रेटा देतो. दारू एकदम तुटली की तो रेटा मोकळा सुटतो. थरथर, घाम, झटके, आणि दोन-तीन दिवसांनी भास आणि भ्रम. यात माणसं दगावतात. तुझे यजमान त्या वेळी दवाखान्यात होते हे नशीब. रोज पिणाऱ्यानं घरी शपथ घेऊन एका रात्रीत सोडू नये, डॉक्टरांच्या देखरेखीत सोडावी. बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं त्या वेळी दिली असतील, कारण पिणाऱ्यांत ते फार कमी होतं. जुने कागद काढून बघ.

तो रेटा ओसरायला काही दिवस लागतात. पण मेंदूतली ताणाची रसायनं बराच काळ चढलेली राहतात. जॉर्ज कूब यांनी या बाजूवर आयुष्य घालवलं. त्यांचं म्हणणं असं की, सुरुवातीला माणूस मजेसाठी पितो, नंतर ही आतली कळ थांबवायला. म्हणून सोडल्यानंतर चिडचिड, तुटक झोप, कशात मन न लागणं हे महिनोन्‌महिने चालतं. मेंदू कायमचा गेला का, असं विचारलंस. नाही. दारू थांबली की आक्रसलेला मेंदू काही महिन्यांत बराचसा भरून येतो, हे छायाचित्रांत दिसलेलं आहे. दुसऱ्या एका नशेच्या, मेथच्या बाबतीत, डोपामिनच्या यंत्रणेचा एक भाग वर्षाहून जास्त काळ दूर राहिल्यावर सावरलेला व्होल्काव यांच्याच गटाला दिसला. वर्षाहून जास्त. तुमचे सहाच महिने झालेत.

माझा थोरला भाऊ असाच बसायचा. आमच्या रामबागेतल्या वाड्याच्या ओट्यावर. सोडून सात महिने झाले होते. वडील जाता-येता म्हणायचे, ‘आता काय झालंय तोंड पाडायला? सुटलास ना?’ मी तेव्हा कॉलेजात हीच रसायनं शिकत होते, आणि घरी येऊन मीही त्याला म्हटलंय, ‘दादा, जरा हसत जा रे.’ दसऱ्यानंतर त्यानं पुन्हा घेतली. आमच्या बोलण्यानंच घेतली असं मी म्हणत नाही. पण ओट्यावर त्याच्या शेजारी जाऊन गप्प बसणारं त्या घरात कुणी नव्हतं.

आता दुसरी शक्यता. हे सगळं सोडल्यानंतरचं सुन्नपण असेल, किंवा खरंखुरं नैराश्य असेल, किंवा दोन्ही. मी त्यांना पाहिलेलं नाही, आणि पाहिलं असतं तरी सहा महिने रेंगाळलेलं हे दुखणं मी पत्रातून निकालात काढणार नाही. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही का? जेवण उतरलंय का? ‘मी ओझं झालोय’, ‘तुम्ही सुटाल’ अशा भाषेत बोलतात का? हे शेवटचं ऐकू आलं तर त्याच दिवशी दाखव, सोमवारची वाट बघू नकोस. ‘मरावंसं वाटतं का’ हे सरळ विचारायला घाबरू नकोस, विचारल्यानं डोक्यात भरत नाही. बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे. नाव काढलं की सासूबाई दचकतील. दचकू देत. तिथं नको असेल तर कुणी चांगला मानसोपचारतज्ज्ञ बघ. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर बोल, पैसे पडत नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कसले तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेल्यांच्या घरी शपथा असतात.

रक्त तपासून मेंदूतलं डोपामिन किंवा सेरोटोनिन किती ते कळत नाही, त्यामुळे तसली तपासणी कुणी सुचवली तर पैसे वाचव. सेरोटोनिन कमी पडलं की नैराश्य येतं, हे इतकं सरळ नाही. २०२२ मध्ये लंडनच्या अभ्यासकांनी सगळे जुने अभ्यास चाळून त्याला ठाम आधार सापडत नाही असं मांडलं, आणि बराच गदारोळ झाला. पण म्हणून नैराश्याच्या गोळ्या निरुपयोगी ठरत नाहीत. डोकेदुखी काही पॅरासिटामॉल कमी पडल्यानं होत नसते. गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

ते नाल्ट्रेक्सोन नावाच्या औषधाचंही विचारतील कदाचित. त्याची गोष्ट आपल्या माळव्यातूनच जाते. मंदसौर-नीमचकडे अफूची शेतं आहेत ना? अफू मेंदूत नेमकी कुठं बसते, ती जागा १९७३ मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सोलोमन स्नायडर यांनी दाखवली. प्रश्न पडला, माणसाच्या मेंदूत खसखशीच्या झाडासाठी जागा राखून कुणी ठेवली? दोनच वर्षांत उत्तर आलं: मेंदू स्वतःच तसली द्रव्यं बनवतो, एंडॉर्फिनच्या कुळातली. दारू प्यायल्यावर तीच सुटतात. नाल्ट्रेक्सोन त्या जागा अडवून धरतं, म्हणून घोट घेतला तरी मजा येत नाही आणि तलफ हळूहळू उतरते. अमेरिकेत १९९४ पासून ते दारूसाठी वापरतात. यकृताच्या तपासण्या बघून देतात. सगळ्यांना लागतं असं नाही.

क्वार्टरचा विचार मनात आला म्हणून तू स्वतःला खात बसली आहेस. विचार आला, तू उठली नाहीस. सहा महिने एका भिंतीसमोर बसलेल्या माणसाशी एकटीनं बोलत राहिल्यावर कुणाच्याही मनात आलं असतं. पण रंगपंचमीलाच का आला ते बघ. गेर, गुलाल, पाण्याचे टँकर, लाउडस्पीकर. वर्षानुवर्षं त्या दिवशी घरात बाटली असायची. शुल्त्झच्या माकडांचा दिवा. तुझ्या डोक्यात जर तो लागतो, तर त्यांच्या डोक्यात काय होत असेल! खुर्चीतून उठले नाहीत, यात मला तरी त्यांची शहाणीव दिसते. व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकन सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी मायदेशी परतल्यावर माग काढला होता. तिथं साधारण पाचांतला एक जण आहारी गेलेला, पण परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले शेकडा पाचच्या आसपासच पुन्हा अडकले. गाव बदललं, सोबत बदलली, दिवे बदलले. इंदूर तर तुम्हाला सोडता येणार नाही. पण सियागंजहून घरी येण्याचा रस्ता बदलता येईल. २०२३ च्या एप्रिलपासून सरकारनं अहाते, म्हणजे दारूच्या दुकानालगतच्या बसून प्यायच्या जागा, बंद केले, तर मंडळी गोदामांत बसायला लागली असतील. ‘अरे भिया, एक से क्या होता है’ म्हणणारा मित्र ज्या कोपऱ्यावर उभा असतो, तो कोपरा टाळून येऊ दे. यायच्या वेळेला लेकीनं फोन करावा, पोळ्या आणायच्या का भाजी, काहीही विचारावं.

आणि तू? पत्राच्या कडेला तू बारीक अक्षरात लिहिलंयस की सव्वासातला फाटक वाजलं की अजून तुझ्या पोटात गोळा येतो, आणि हे हातपाय धुवायला गेले की तू स्कूटरची डिकी उघडून बघतेस. हा तुझा दिवा. सोळा वर्षं त्या फाटकाच्या आवाजामागून काय येईल याचा नेम नव्हता, मग तुझा मेंदू तरी सहा महिन्यांत कसा विसरेल? शंभर वेळा फाटक वाजून काही झालं नाही की तो हळूहळू नवं शिकतो. डिकी बघितली की मात्र शिकणं लांबतं. रोज बघतेस ती एक दिवसाआड कर. झोपेचं तुझं तू डॉक्टरांना वेगळं सांग, त्यांच्या केसपेपरात तुझी झोप नको. दारुड्यांच्या बायकामुलांच्या बैठकी भरतात, एकदा जाऊन बस.

‘आम्ही त्यांना पुरलो नाही का?’ हा प्रश्न त्या कापसाला विचारण्यासारखा आहे. ‘काही वाटतच नाही गं’ हे त्यांनी तुला सांगितलं. माझ्या भावानं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी म्हणाले तर उपाय सुचवू नकोस. ‘बरं’ म्हण आणि दुसरी खुर्ची ओढून घे.

तबल्याचं असं कर. सहा महिने गवसणीत राहिलाय, स्वर नक्की उतरला असणार. गुपचूप दुकानात नेऊन चढवून आणू नकोस. लेकीनं एखाद्या रविवारी सकाळी म्हणावं, ‘बाबा, मला नाही जमत, एवढा स्वर लावून द्या.’ हातोडी घेऊन गठ्ठे ठोकायचे, कान लावायचा, दहा मिनिटांचं काम. ठेका धरा असा आग्रह नको. गवसणी परत चढवली तर चढवू देत.

जिलेबीबद्दल तू विचारलं नाहीस, पण पाव किलो रोज हे जरा जास्तच होतंय. डॉक्टरांकडे जाल तेव्हा यकृताच्या तपासण्यांबरोबर तीन महिन्यांची साखरही बघायला सांग. जास्त निघाली तर पोह्यांबरोबर दोन कडी, तेवढ्यावर आणा. तोवर जिलेबीचा हिशेब सासूबाईंनी ठेवू नये, एवढं त्यांना माझ्या नावानं सांग.